एचपी किती? – हॅरी फर्ग्युसनची गोष्ट

गावात कुणाकडे नवा ट्रॅक्टर आला, की पेढा तोंडात जायच्या आधी पहिला प्रश्न येतो – एचपी किती? दुसरा – केवढ्याला पडला? मग रांगच लागते. पाच फुटी रोटर ओढेल का, क्लच सिंगल की डबल, लिफ्ट किती किलो उचलते, पुढे-मागे लोडर बसवता येईल का... मी शेतकऱ्याच्या घरातून मेकॅनिकलला आलोय, त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की हे सगळे प्रश्न माझ्याच अंगावर येतात. पोरगा इंजिनिअरिंगला आहे म्हणजे त्याला हे ठाऊक असणारच, असा गावाचा साधा हिशेब!

मित्रांनो, या प्रश्नांच्या मागे लागता लागता माझी एका माणसाशी ओळख झाली. त्याचं आडनाव तुम्ही लाल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर शेकडो वेळा वाचलंय. मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच, हॅरी फर्ग्युसन. एचपी किती, हा प्रश्न त्यालाही आयुष्यभर विचारला गेला. आणि तो आयुष्यभर एकच सांगत राहिला, की इंजिनाकडे बघू नका, ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा. ट्रॅक्टर आणि अवजार जिथे जोडले जातात, तिथे खरी गोष्ट आहे.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या उत्तरेला डाऊन परगण्यात ड्रोमोरजवळ ग्रोवेल नावाचं खेडं आहे, तिथला. अकरा भावंडांतला हा चौथा. वडील शेतकरी आणि धर्माने अतिशय कडक. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा शेतावर राबायला लागला. पण शेतातलं ते रोजचं मरमर काम त्याला मनापासून आवडत नव्हतं. पुढे शेतीची यंत्रं बनवणाऱ्या माणसाला शेतीचं काम नकोसं होतं, हे वाचून मला आधी गंमत वाटली. नंतर वाटलं, बरोबरच आहे. ज्याची पाठ दुखते तोच पाठीवरचं ओझं कमी करायचा विचार करणार.

देश सोडून कॅनडाला जायचा त्याचा विचार चालला होता. पण १९०२ मध्ये भाऊ जो याने त्याला बेलफास्टमधल्या आपल्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात घेतलं. इथे हॅरीचं खरं शिक्षण झालं. डिग्री नाही, डिप्लोमा नाही, नुसता पाना आणि कान. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगण्यात त्याचं नाव झालं. मोटारसायकलच्या शर्यती झाल्या. मग विमानाचं वेड लागलं. राईट बंधूंचं उड्डाण होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. हॅरीने स्वतः विमान बनवलं आणि ३१ डिसेंबर १९०९ या दिवशी हिल्सबरोला ते उडवलं. अंतर १३० यार्ड! आपल्या क्रिकेटच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणा. पण स्वतः बनवलेलं विमान स्वतः उडवणारा तो पहिला आयरिश माणूस ठरला. पुढे भावाशी पटेना, म्हणून १९११ मध्ये त्याने स्वतःचा धंदा काढला. हे न पटणं लक्षात ठेवा, ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या आणि ब्रिटनला धान्याची चणचण भासायला लागली. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती खात्याने फर्ग्युसनवर काम सोपवलं, की देशभर फिरून ट्रॅक्टरची नांगरट नीट होते का ते बघ आणि सुधार. त्याच्याबरोबर विली सँड्स हा त्याचा हुशार मेकॅनिक होता. हे दोघं शेताशेतात हिंडले, मालकांची गाऱ्हाणी ऐकली, ट्रॅक्टर चालताना पाहिले. माझ्या मते फर्ग्युसनच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सर्व्हे हाच.

त्यांना दिसलं काय? ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन वेगळी यंत्रं होती. नांगर मुळात घोड्यांमागे चालण्यासाठी बनलेला, तो साखळीने किंवा दांड्याने ट्रॅक्टरमागे अडकवलेला. आपल्या भाषेत टोचनच. ट्रॅक्टरवर एक माणूस, नांगराचे लिव्हर ओढायला दुसरा. बांधापाशी वळायला मोकळी जागा पाहिजे, म्हणजे कोपरे तसेच राहणार. मागे नांगर जड, म्हणून पुढे ट्रॅक्टर जड. ट्रॅक्टर जड, म्हणून ओल्या जमिनीत माती दाबली जाणार. मग आणखी ताकद हवी, म्हणून आणखी जड ट्रॅक्टर!

यात जिवाचाही धोका होता. त्या काळात फोर्डसन हा हेन्री फोर्डचा स्वस्त ट्रॅक्टर जोरात खपत होता. नांगर जमिनीतल्या दगडाला अडला की मागची चाकं जागेवर थांबायची, पण इंजिन जोर लावतच राहायचं. चाक फिरत नसेल तर काय फिरणार? ट्रॅक्टरच स्वतःच्या मागच्या अॅक्सलभोवती फिरायचा. पुढची चाकं वर, आणि ड्रायव्हर खाली. कितीतरी माणसं अशी चिरडून गेली. आपण मेकॅनिक्सच्या पेपरात टॉर्क रिअॅक्शनच्या गणिताला पाच मार्क मिळवतो. तिथे त्या गणिताचं उत्तर चुकलं की माणूस घरी परत येत नव्हता.

इथून पुढची वीसएक वर्षं फर्ग्युसन, विली सँड्स आणि आर्ची ग्रीअर यांनी या एकाच प्रश्नावर घालवली. आधी नांगर थेट गाडीला जोडून पाहिला. मग एकावर एक अशा दोन दांड्यांची ड्युप्लेक्स जोडणी केली, म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटायला गेला तर नांगरच त्याला अडवणार. पण नांगराची खोली एकसारखी राहीना. चढ-उतार आला की फाळ कधी वर, कधी खोल. त्यावर त्यांनी हायड्रॉलिकचा उपाय काढला आणि १९२६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे त्यातून जे तयार झालं, ती आपली आजची थ्री-पॉइंट लिंकेज. खाली दोन लिंका, वर एक टॉप लिंक.

थोडं टेक्निकल सांगतो, मेसची भाजी पचते तर हेही पचेल. नांगर जमिनीत चालताना माती त्याला मागे ओढते. त्यामुळे नांगराचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो आणि टॉप लिंक दाबली जाते. माती जितकी कडक, तितका दाब जास्त. फर्ग्युसनने टॉप लिंकच्या टोकाला एक स्प्रिंग बसवली आणि ती हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला जोडली. कडक माती आली, दाब वाढला, व्हॉल्व्ह हलला, नांगर किंचित वर. माती मऊ झाली, नांगर पुन्हा खाली. ड्रायव्हरने काहीच करायचं नाही. फीडबॅक कंट्रोल हा शब्द आपण तिसऱ्या वर्षाला शिकतो, तो या लोकांनी चिखलात उभं राहून केला होता.

दुसरी कमाल वजनाची. नांगराचं वजन आणि मातीची खालची ओढ लिंकेजमधून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येते. म्हणजे काम जड झालं की पकडही आपोआप वाढते, आणि काम संपलं की ते वजन निघून जातं. मग कायमचं लोखंड अंगावर वागवायचं कशाला? तिसरी गोष्ट केओएमवाल्यांसाठी. बाजूने बघितलं तर वरची आणि खालच्या लिंका पुढे वाढवल्यावर ट्रॅक्टरच्या पुढच्या भागात एकमेकींना मिळतात. तो इन्स्टंटेनियस सेंटर. नांगर जणू तिथूनच ओढला जातो, त्यामुळे ट्रॅक्टरचं नाक खाली राहतं. आणि फाळ दगडाला अडलाच, तर स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन हायड्रॉलिकचं तेल सुटतं, चाकांवरचं वजन कमी होतं आणि चाकं नुसती जागेवर फिरतात. माणूस वाचतो.

१९३३ मध्ये बेलफास्टला पहिला पूर्ण ट्रॅक्टर तयार झाला. रंग काळा, म्हणून नावच ब्लॅक ट्रॅक्टर. आज तो लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. मग यॉर्कशरच्या डेव्हिड ब्राऊनबरोबर भागीदारी झाली आणि १९३६ पासून फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर विकायला आला. किंमत २२४ पौंड, अवजारं वेगळी. फोर्डसन त्यापेक्षा बराच स्वस्त आणि दिसायला भक्कम. गिऱ्हाईक म्हणायचं, एवढासा ट्रॅक्टर, एवढी किंमत? ताकद वाढवा! डेव्हिड ब्राऊनलाही तेच वाटत होतं, ट्रॅक्टर मोठा करू. फर्ग्युसन म्हणाला, ट्रॅक्टर हाच राहील, किंमत उतरवू. दोघंही हट्टी. सुमारे १,३५० ट्रॅक्टर बनल्यावर वाटा वेगळ्या झाल्या.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्नला गेला, थेट हेन्री फोर्डच्या घरी. फेअर लेनच्या शेतात प्रात्यक्षिक झालं. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, बघताक्षणी त्याला कळलं. बाहेर एक टेबल मांडून दोघं बसले आणि करार झाला. वकील नाही, कागद नाही, सही नाही. नुसतं हस्तांदोलन. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचे, फर्ग्युसनने ते विकायचे. आठेक महिन्यांत, जून १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला. १९४७ पर्यंत या जोडीचे तीन लाखांवर ट्रॅक्टर निघाले.

पण हस्तांदोलन दोन माणसांचं होतं, दोन कंपन्यांचं नव्हतं. म्हातारा फोर्ड बाजूला झाला, नातू हेन्री फोर्ड दुसरा याच्या हाती कारभार आला. त्याने हिशेब काढला, तर ट्रॅक्टरच्या धंद्यात कंपनीला तोटा होत होता. १९४६ च्या अखेरीस त्याने नातं तोडलं आणि १९४७ मध्ये त्याच हायड्रॉलिकवर चालणारा ८एन स्वतः विकायला काढला. फर्ग्युसन कोर्टात गेला. दावा २५ कोटी १० लाख डॉलरचा! चार वर्षं केस चालली. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली, ९२ लाख ५० हजार डॉलर. पैशात बघितलं तर दाव्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण एका लहान माणसाचं पेटंट फोर्डसारख्या कंपनीला मान्य करावं लागलं.

तोवर फर्ग्युसन हात बांधून बसला नव्हता. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला बॅनर लेन इथे युद्धकाळात विमानाची इंजिनं बनवणारा कारखाना होता. तिथे स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ पासून त्याच्यासाठी टीई-२० बनवायला सुरुवात केली. राखाडी रंगाचा, टनाच्या जरा वर वजनाचा, विशीतल्या हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर. लोकांनी लाडाने नाव ठेवलं लिटल ग्रे फर्गी. १९५६ पर्यंत ५,१७,६५१ नग निघाले.

या ट्रॅक्टरच्या बारीकसारीक गोष्टी मला फार आवडतात. गिअर लिव्हर एका ठरावीक जागी नेला तरच स्टार्टर फिरतो, म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना सुरूच होत नाही. बरोबर मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा, म्हणजे नट आवळायचा तोच पाना आणि तासाची रुंदी मोजायची पट्टीही तीच. अवजार जोडायला एकटा माणूस पुरे. आधी डावी लिंक, मग उजवी, शेवटी टॉप लिंक. विक्रेत्यांना आणि मेकॅनिकना शिकवायला स्टोनलेला शाळा काढली होती. फर्ग्युसन स्वतः टापटिपीचा इतका वेडा, की वस्तू वाकडी ठेवलेलीही त्याला खपत नसे.

आता मालकांच्या प्रश्नांकडे येऊ. लाखो ट्रॅक्टर विकले म्हणजे लाखो लोकांच्या मागण्या आल्या. काहींना फर्ग्युसनकडे उत्तर तयार होतं. गवत कापायचंय? मोअर जोडा. खड्डे घ्यायचेत? डिगर जोडा. लाकूड कापायची करवत, सरी पाडायचं अवजार, क्रेन, ट्रेलर, लोडर... ट्रॅक्टर तोच, मागचं-पुढचं बदला. द्राक्षबागेच्या अरुंद ओळींसाठी कमी रुंदीची मॉडेल्सही आली. आपल्या नाशिककडे आज बागेतून छोटे ट्रॅक्टर फिरतात, त्यामागची गरज तीच.

पण काही प्रश्न अडचणीचे होते. डिझेल इंजिन का नाही? फर्ग्युसनला डिझेलचं फारसं प्रेम नव्हतं. लोक थांबले नाहीत. पर्किन्स कंपनीचं तीन सिलिंडरचं पी-३ इंजिन टीई-२० मध्ये बसवायची किट मिळायला लागली आणि मालकांनी ती बसवून घेतली. कंपनीचं स्वतःचं डिझेल मॉडेल १९५१ मध्ये आलं. दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो ते ठीक, पण पीटीओ आणि हायड्रॉलिक पंपही थांबतात. गवत कापताना मध्येच थांबलं तर पातंही थांबणार. यावरचा डबल क्लच १९५६ च्या एफई-३५ मध्ये आला, आणि तेव्हा फर्ग्युसन कंपनीत नव्हता. अवजार ठरलेल्या उंचीवर धरून ठेवणारा पोझिशन कंट्रोलही टीई-२० ला नव्हता, तो फोर्डच्या ८एन ने आधी दिला.

मला या माणसाबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे. ताकद वाढवा म्हणणाऱ्यांना त्याने नाही म्हटलं, तेव्हा तो बरोबर होता, कारण त्याने त्या मागणीच्या तळाशी असलेला प्रश्न सोडवला होता. डिझेलला आणि चालू पीटीओला उशीर झाला तेव्हा मालक बरोबर होते, कारण त्यांच्या रोजच्या कामाचा खोळंबा होत होता. तोच माणूस, तोच हट्ट. एकदा त्याने जग बदललं, दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक स्वतःच पाना घेऊन पुढे गेलं. नाही म्हणायचा अधिकार इंजिनिअरला आहे, पण आधी शेतात जाऊन बघितलं असेल तरच.

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक उरला होता, तो चक्क नाणं उडवून मिटवला. फर्ग्युसन हरला आणि हसत मान्य केलं म्हणतात. पण इथेही मतभेद झालेच. त्याच्या माणसांनी एका मोठ्या ट्रॅक्टरचे नमुने बनवले होते, तेही नव्या कंपनीने बाजूला ठेवले. १९५४ मध्ये तो बाहेर पडला. भाऊ, ब्राऊन, फोर्ड, मॅसी... लोखंडाला लोखंड जोडण्यात ज्याचा हात कुणी धरू शकलं नाही, त्याला माणसाशी माणूस जोडून ठेवणं जमलं नाही.

नंतर तो मोटारींच्या फोर-व्हील ड्राइव्हच्या मागे लागला. दरम्यान त्याचे ट्रॅक्टर भलतीकडेच पोहोचले होते. एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरीने टीई-२० ला रणगाड्यासारखे पट्टे बसवले आणि ४ जानेवारी १९५८ या दिवशी ट्रॅक्टर चालवत दक्षिण ध्रुव गाठला! मालकाने केलेला याहून भारी अपग्रेड मला तरी माहीत नाही. शेवटची वर्षं मात्र निद्रानाश आणि निराशेची गेली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमध्ये राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. तो अपघात होता की नाही, हे चौकशीत ठरू शकलं नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, त्याच्या फोर-व्हील ड्राइव्हच्या पी-९९ गाडीने स्टर्लिंग मॉसच्या हाती ऊल्टन पार्कची शर्यत जिंकली. ते बघायला तो नव्हता.

आपल्याकडे १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात बनू लागले. पण ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही रंगाचा असो, मागे तीन लिंका दिसणारच. आज त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७३०. छोट्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी वनला टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटर, खालच्या २२. म्हणून एका कंपनीचा ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा कल्टिव्हेटर बिनतक्रार उचलतो.

तेव्हा कुणी तुम्हाला ट्रॅक्टरबद्दल विचारलं, तर नुसता एचपीचा आकडा सांगून मोकळे होऊ नका. लिफ्ट किती किलो उचलते, यावर उलट विचारा, की लिंकच्या टोकाशी मोजलंय की ६१० मिलिमीटर मागे? बऱ्याचदा पत्रकावर टोकाशी मोजलेला मोठा आकडा असतो, आणि अवजाराचं वजन तर मागे असतं. लोडर लावायचाय म्हटलं, तर मागे थ्री-पॉइंटवर तोलाचं वजन लागेल हे सांगा, नाहीतर भरलेल्या बकेटने मागची चाकं हलकी होतात. रोटर चालवायचाय म्हटलं, तर माती कुठली ते आधी विचारा. आणि फायनल इयरचं प्रोजेक्ट शेतीच्या यंत्रावर करणार असाल, तर कॅडवर पहिली रेघ ओढण्याआधी ते यंत्र चालवणाऱ्या माणसाबरोबर एक दिवस काढा. तो मागतोय काय आणि त्याचं अडतंय कुठे, या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहा. हॅरी फर्ग्युसन आणि विली सँड्सने १९१७ मध्ये सुरुवात तिथूनच केली होती.